सर्व्हर रूम थंड ठेवायची आणि बिलही आवाक्यात ठेवायचं: नाशिकच्या हवेत काय चालतं, काय नाही

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून दुपारी दोनला फोन आला, सर्व्हर आपोआप बंद पडतोय, दोन एसी १६ वर चालू आहेत तरी पडतोय, आता तिसरा एसी घेतोय, कितीचा घेऊ ते सांगा. मी म्हटलं थांबा, आधी येऊन बघतो. खोलीत पाय टाकला तर अक्षरशः कुडकुडायला झालं, दाराजवळ २० अंश. आणि रॅकच्या, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या उभ्या कपाटाच्या, वरच्या सर्व्हरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर ३४! एसीचा सगळा गारवा रॅकच्या पाठीवर जात होता, म्हणजे जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे, आणि रॅकमध्ये मध्ये मध्ये मोकळ्या जागा होत्या त्यातून तीच गरम हवा फिरून परत पुढे येत होती. रॅक फिरवला, मोकळ्या जागा झाकल्या, एसी २४ वर नेले. तिसरा एसी आजपर्यंत घ्यावा लागलेला नाही.

गेली बरीच वर्षं सातपूर, अंबड, सिन्नर, गंगापूर रोड अशा भागांत छोट्या मोठ्या सर्व्हर रूम बघतोय, आणि दहातल्या बऱ्याचशा ठिकाणी हेच असतं. गारवा कमी पडत नाही, तो चुकीच्या वाटेने जातो. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय ज्या क्रमाने पैसे खर्च करायला पाहिजेत, म्हणजे आधी फुकटची कामं, मग हजारांतली, आणि नवीन मशीन सगळ्यात शेवटी.

आधी मोजा, मग बोला

तीन चार साधे डिजिटल थर्मामीटर घ्या, वायरवाला सेन्सर असलेले, जे फ्रीजसाठी मिळतात ते पण चालतात. रॅकच्या पुढच्या बाजूला खाली, मध्ये आणि वर असे तीन लावा, दरवाजा असेल तर दरवाजाच्या आत. चौथा रॅकच्या मागे वरच्या बाजूला. इथे एक चूक फार होते ती म्हणजे लेझरवाली गन घेऊन फिरणं, ती गन पत्र्याचं तापमान दाखवते, हवेचं नाही, त्यामुळे तिच्यावर इनलेटचा, म्हणजे सर्व्हरच्या तोंडातून आत जाणाऱ्या हवेचा, हिशोब करू नका. सर्व्हरमध्ये स्वतःचा इनलेट सेन्सर असतोच, मॅनेजमेंट पोर्टला लॉगिन केलं की दिसतो, तो आकडा आणि तुमच्या थर्मामीटरचा आकडा जवळपास जुळला पाहिजे.

लक्षात ठेवायचा आकडा एकच, सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा किती अंशांची आहे. खोलीचं तापमान किती, एसीच्या रिमोटवर किती, हे दोन्ही दुय्यम. रिमोटवर २४ लावलं म्हणजे सर्व्हरला २४ मिळतात असं अजिबात नाही, कारण स्प्लिट एसी स्वतःकडे परत येणारी हवा मोजतो आणि तो बसलेला असतो छताजवळ.

मग वीज. यूपीएसच्या डिस्प्लेवर आउटपुट लोड किलोवॉटमध्ये दिसतो तो लिहून घ्या. एसीच्या लाइनला एनर्जी मीटर लावा, डीआयएन रेलवर बसणारा सिंगल फेज मीटर इलेक्ट्रिशियन अर्ध्या तासात लावून देतो, क्लॅम्प मीटरने एकदा बघून काम भागत नाही कारण एसीचा लोड सारखा बदलत असतो. निदान एक आठवडा युनिट मोजा. आता खोलीत एकूण जेवढी युनिट लागली (यूपीएसची इनपुट, एसी, लाइट सगळं धरून) भागिले फक्त सर्व्हर नेटवर्कने खाल्लेली युनिट, हा झाला तुमचा पीयूई. गूगलच्या मोठ्या डेटा सेंटरची सरासरी १.१ च्या आसपास असते. आपल्याकडच्या छोट्या खोलीत २ निघाला तर दचकू नका, पण १.५ पर्यंत आणणं बहुतेक ठिकाणी जमण्यासारखं असतं.

याचा पैशात अर्थ बघा. सर्व्हरचा लोड ५ किलोवॉट धरला तर वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे नुसत्या सर्व्हरची ४३,८०० युनिट. पीयूई २ असेल तर एकूण ८७,६००, आणि १.५ असेल तर ६५,७००. फरक २१,९०० युनिटचा. महावितरणच्या बिलात तुम्हाला सगळे आकार धरून युनिट कितीला पडतं ते बघा, हिशोबासाठी १० रुपये धरले तर दोन लाख एकोणीस हजार रुपये, दरवर्षी. एवढा आकडा कागदावर दिसला की अकाउंट्सवाले पण ऐकून घेतात, माझा तरी हा अनुभव आहे.

जे नकोय ते बंद करा

प्रत्येक वॉट जो सर्व्हर खातो तो शेवटी उष्णता बनूनच बाहेर येतो, त्यामुळे सगळ्यात स्वस्त कूलिंग म्हणजे बंद केलेला सर्व्हर. जुनं टॅलीचं मशीन, तीन वर्षांपूर्वी मायग्रेशन झालेला मेल सर्व्हर, कोणीतरी टेस्टिंगला लावलेला बॉक्स, हे सगळे चालूच असतात कारण बंद करायची कोणाची हिंमत होत नाही. रिकामा बसलेला सर्व्हरही चांगलीच वीज खातो. आधी नेटवर्क केबल काढून महिनाभर ठेवा, कोणी ओरडलं नाही तर बॅकअप घेऊन बंद. दोन तीन जुने सर्व्हर एका नव्यावर व्हर्च्युअल करून टाकता आले तर त्याहून बरं. बायॉसमध्ये पॉवर प्रोफाइल कायम मॅक्सिमम परफॉर्मन्सवर असतं, तेही बघा, ईआरपीवाल्या व्हेंडरला विचारूनच बदला मात्र.

हवेची वाट

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण इथे खर्च हजारांत आहे आणि फायदा सगळ्यात मोठा.

जवळजवळ सगळे सर्व्हर पुढून गार हवा ओढतात आणि मागून गरम सोडतात. त्यामुळे एकाहून जास्त रॅक असतील तर तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, म्हणजे एक गल्ली गार हवेची, एक गरम. हॉट आयल कोल्ड आयल म्हणतात ती हीच रचना, आणि तिचं श्रेय आयबीएमच्या रॉबर्ट सुलिव्हन यांना दिलं जातं, १९९२ च्या आसपासचं. तीस वर्षं होऊन गेली तरी आपल्याकडे रॅक शाळेतल्या बाकांसारखे एकामागे एक लावतात, मग पहिल्या रॅकची गरम हवा दुसऱ्या रॅकच्या थेट तोंडात. एकच रॅक असेल तर सोपं आहे, एसीचा झोत रॅकच्या पुढे पडला पाहिजे आणि रॅकची पाठ जिकडे असेल तिकडून गरम हवा एसीकडे परत जायला वाट पाहिजे. भिंतीला चिकटवून ठेवलेला रॅक म्हणजे त्या गरम हवेचा कोंडमारा, मागे निदान अडीच तीन फूट सोडाच, कामाला पण जागा लागतेच की.

मग ब्लँकिंग पॅनल. रॅकमध्ये जिथे उपकरण नाही ती प्रत्येक यू ची (रॅकमधल्या एका खणाची) जागा पुढून झाका. प्लास्टिकचे स्क्रू न लागणारे पॅनल मिळतात, पत्र्याचे फॅब्रिकेटरकडून करून घेतले तरी चालतात, फक्त कापताना लोखंडाचा कीस सर्व्हर रूममध्ये पडू द्यायचा नाही, बाहेरूनच तयार करून आणा. पुठ्ठा लावू नका, मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय, तो जळतो आणि कागदाचा भुसा उडतो. पॅनल लावण्याआधी आणि लावल्यानंतर वरच्या सर्व्हरचं तापमान लिहून ठेवा, अंबडच्या त्या कारखान्यात एवढ्या एका कामाने वरचा आकडा ५ अंशांनी उतरला होता.

रॅकच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या फटी, केबल आत येते ती भोकं, रॅकच्या खालची मोकळी जागा, हे पण झाका. केबलच्या जागी ब्रशवाली पट्टी मिळते ती लावा. रेझ्ड फ्लोअर (खालून हवा सोडायला उचललेली टाइलची जमीन) असेल तर जाळीच्या टाइल फक्त गार गल्लीत पाहिजेत, रॅकच्या मागे एकही नको, आणि केबल उतरवायला कापलेली मोठी भोकं बुजवली पाहिजेत, नाहीतर एसीची अर्धी हवा तिथूनच निसटते.

नेटवर्क स्विचकडे कोणी बघतच नाही. पोर्ट मागच्या बाजूला सोयीचे पडतात म्हणून स्विच उलटा लावला जातो, आणि मग त्याचा फॅन गरम गल्लीतली हवा ओढून पुढे गार गल्लीत सोडतो. काही स्विच बाजूने हवा घेतात बाजूनेच सोडतात. फॅनची दिशा मॉडेलप्रमाणे निवडता येते, खरेदी करतानाच विचारा, कारण नंतर बदलायचं म्हणजे फॅन आणि पॉवर सप्लाय दोन्ही बदलावे लागतात.

चार सहा रॅक असतील तर गार गल्लीच्या दोन्ही टोकांना पीव्हीसी स्ट्रिपचे पडदे लावा, पिंपळगावच्या द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला दारात असतात तसेच, फक्त आग न पकडणारा आणि अँटीस्टॅटिक ग्रेड मागून घ्या. रॅकच्या वर छतापर्यंतची मोकळी जागा पॉलीकार्बोनेट शीटने बंद करता येते, पण आधी फायरवाल्याला विचारा, आग विझवायच्या गॅसचा नॉझल किंवा स्मोक डिटेक्टर आडोशाला जाता कामा नये.

हे सगळं का करायचं याचं गणित असं. १ किलोवॉट लोडला, हवा आत जाताना आणि बाहेर येताना १२ अंशांचा फरक धरला, तर समुद्रसपाटीला साधारण १४७ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवा थोडी विरळ, म्हणून इथे १६० च्या जवळ धरा. ५ किलोवॉटला झाले ८००. एसीच्या एका टनामागे साधारण ४०० सीएफएम हा एसीवाल्यांचा जुना ठोकताळा, म्हणजे दोन टनांचा झोत पुरायला पाहिजे. पण त्यातली निम्मी हवा रॅकला वळसा घालून परत एसीत गेली तर? सर्व्हरला उरलेली हवा कुठून तरी ओढावीच लागते, तो स्वतःच्या मागची गरम हवा ओढतो. आणि एसीकडे गार हवाच परत गेल्यामुळे त्याला वाटतं काम झालं, तो कट-ऑफ होतो. खोली गार, सर्व्हर गरम, ते हे असं होतं.

मग हळूहळू तापमान वाढवा

अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश अशी आहे, आणि आजचे बरेचसे सर्व्हर थोड्या वेळासाठी ३२ किंवा ३५ पर्यंतही चालतील असे बनवलेले असतात. १६ ची गरज कोणालाच नाहीये. आपल्या बीईईचं (वीजबचतीसाठीची केंद्र सरकारची संस्था) म्हणणं आहे की एसीचं सेटिंग एक अंश वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी मुळात २४ वरच सुरू होईल असा नियमही केलेला आहे.

पण वरची कामं झाल्याशिवाय तापमान वाढवू नका हो, हात जोडून सांगतो. हवा मिसळत असताना एसी १६ वरून २४ वर नेला तर वरचा सर्व्हर ४० पाहील. पॅनल लावून झाले, वर खाली मध्ये तिन्ही आकड्यांत दोन तीन अंशांपेक्षा जास्त फरक उरला नाही, की मग चार दिवसांनी एक अंश वाढवा. सगळ्यात गरम इनलेट २५ ला आला की थांबा, २७ पर्यंत जायची गरज नाही. २५ च्या वर गेलं की सर्व्हरचे स्वतःचे फॅन जोरात फिरायला लागतात, आणि फॅनची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एसीत वाचवलेलं सर्व्हरमध्ये जातं. दोन तीन अंशांचा हात एसी बंद पडला तर उपयोगी पण येतो.

बॅटरी मात्र वेगळी ठेवा. यूपीएसच्या सीलबंद लेड अ‍ॅसिड बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि त्याच्या वर साधारण १० अंश कायम राहिले की ते निम्मं होतं. जमेल तर बॅटरी बाजूच्या खोलीत, हवेशीर जागी, पश्चिमेची भिंत सोडून.

आर्द्रतेचं थोडक्यात. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो) १५ अंशांच्या आत आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असली की बस. मार्च एप्रिलला आपल्याकडे हवा कोरडी होते म्हणून ह्युमिडिफायर लावायला सांगणारे भेटतात, छोट्या खोलीत त्याची गरज पडत नाही, अर्थिंग नीट ठेवा आणि काम करताना मनगटाचा पट्टा वापरा.

खोली स्वतः किती तापते

नाशिकमध्ये बऱ्याच ऑफिसात सर्व्हर रूम सगळ्यात वरच्या मजल्यावर असते, कारण ती जागा दुसरं कोणी मागत नाही. एप्रिल मे मध्ये पारा चाळीशी गाठतो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो, तुमचा एसी रात्री दहाला पण स्लॅबशीच भांडत असतो. गच्चीवर पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग किंवा चायना मोझॅक, आणि आतून स्लॅबला नायट्रिल फोमची शीट. खिडकी पश्चिमेला असेल तर सरळ बंद करा, विटांनी किंवा आतून इन्सुलेशन लावून, नुसती काळी फिल्म पुरत नाही.

फटींचं महत्त्व पावसाळ्यात कळतं. जुलै ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेचा दवबिंदू २० च्या वर असतो, दाराच्या खालून, केबल ट्रेच्या भोकातून, फॉल्स सीलिंगच्या वरून ती ओली हवा आत येत राहते आणि एसी गारवा द्यायचं सोडून पाणी काढत बसतो. ड्रेन पाइपमधून दिवसाला किती पाणी येतंय ते एकदा बादली लावून बघा. बंद खोलीत जिथे माणसं बसत नाहीत तिथे हे पाणी फार कमी असायला पाहिजे, बादली भरत असेल तर समजायचं की बाहेरचा पावसाळा आत येतोय. दाराला खाली रबरी पट्टी, डोअर क्लोजर, केबलच्या भोकांना फायर सीलंट, चार पाच हजारांत होतं.

एसी: कोणता, किती, कुठे

दीड टनाचा एसी म्हणजे कागदावर सव्वापाच किलोवॉट गारवा, कारण १ टन म्हणजे ३.५ किलोवॉट. पण घरगुती एसी माणसांसाठी बनवलेला, त्यातला तिसरा हिस्सा दमटपणा काढायला ठेवलेला असतो, म्हणजे सर्व्हरच्या कोरड्या उष्णतेसाठी साडेतीन पावणेचार किलोवॉट हाती लागतात असं धरून चाला. शिवाय तो आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा, मे महिन्यात गच्चीवर आउटडोअरच्या आसपास ४५ असेल तर आणखी कमी. तर ५ किलोवॉट सर्व्हर, अर्धा यूपीएसचा लॉस, एक भिंती स्लॅब वगैरे, साडेसहा झाले, त्याला दोन एसी चालू आणि एक राखीव, असे दीड टनाचे तीन. एकच मोठा चार टनाचा घेऊ नका, तो ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी तुमच्याकडे काहीच उरणार नाही.

तिन्ही एसी सिक्वेन्सर पॅनलवर घ्या, म्हणजे पाळीपाळीने चालतील आणि तापमान वाढलं की राखीव आपोआप सुरू होईल. इन्व्हर्टर एसी घ्यायलाच पाहिजे कारण इथला लोड दिवसरात्र सारखा असतो, कंप्रेसर कमी वेगाने सलग चालतो, तिथेच त्याची बचत आहे. घेताना दोन गोष्टी विचारा. वीज जाऊन आली की तो स्वतःहून आधीच्याच सेटिंगवर सुरू होतो का, आणि सिक्वेन्सरने सप्लाय तोडून जोडला तर चालतो का, कारण काही इन्व्हर्टर मॉडेलला मुख्य सप्लाय सारखा तोडलेला सोसत नाही, त्यांना रिमोटच्या सिग्नलवर चालणारा सिक्वेन्सर लागतो.

१० किलोवॉटच्या पुढे गेलात की पीएसी, म्हणजे प्रिसिजन एसीचा विचार करा. महाग असतो, पण त्याची जवळजवळ सगळी ताकद कोरडी उष्णता काढायला असते, आणि तो बारा महिने चोवीस तास चालायलाच बनवलेला असतो. त्यात ईसी फॅन, म्हणजे वेग कमी जास्त करता येणारे, मागून घ्या. फॅन ८० टक्के वेगावर आणला तर वीज जवळपास निम्मी होते, वर सांगितलेला घनाचा नियम तोच, म्हणून दोन पीएसी कमी वेगाने चालवणं एक पूर्ण वेगाने चालवण्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

आउटडोअरची जागा हा विषय कोणी गांभीर्याने घेत नाही. चार आउटडोअर एका कोनाड्यात समोरासमोर बसवलेली बघितलीयत, एकाची गरम हवा दुसरा ओढतोय, दुपारी सगळी ट्रिप. प्रत्येकाच्या मागे फूटभर आणि समोर निदान पाच सहा फूट मोकळं पाहिजे, उत्तरेची बाजू उत्तम, गच्चीवरच ठेवायची असतील तर वर शेड करा पण समोरून अडवू नका. कॉइल दर तीन महिन्यांनी पाण्याने धुवा, एमआयडीसीत आणि हायवेच्या कडेला दर महिन्याला. इनडोअरचे फिल्टर दर पंधरा दिवसांनी, त्याला एएमसीवाल्याची वाट बघायची नाही, ते ऑफिसबॉयला पण शिकवता येतं.

थंडीतली एक खास आपल्याकडची भानगड. डिसेंबर जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली, आणि साधा स्प्लिट एसी एवढ्या गारठ्यात कूलिंगवर चालायला बनवलेलाच नसतो. आउटडोअर फार गार पडला की गॅसचं प्रेशर उतरतं, इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरतो, हवा बंद होते, आणि पहाटे पाचला सर्व्हर तापल्याचा अलार्म येतो. लोक म्हणतात गॅस कमी झाला, मेकॅनिक येऊन गॅस भरून जातो, उन्हाळ्यात मग जास्तीच्या गॅसचा त्रास. मॅन्युअलमध्ये कूलिंगसाठी बाहेरच्या तापमानाची खालची मर्यादा दिलेली असते ती बघा, आणि आउटडोअरच्या फॅनला प्रेशरप्रमाणे वेग कमी करणारा कंट्रोलर बसवून घ्या.

बाहेरचा गारवा आत घ्यायचा का

वरचा प्रश्न उलटा करून बघितला तर तीच संधी आहे. बाहेर ११ अंश असताना आपण कंप्रेसर कशाला चालवतोय? नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री आणि सकाळी नाशिकची हवा गार आणि बऱ्यापैकी कोरडी असते, हे मुंबई ठाण्याच्या नशिबात नाही. एका भिंतीत फिल्टर लावलेला इनटेक फॅन, समोरच्या भिंतीत वर गरम हवा बाहेर जायला डँपर (उघडझाप होणारी झडप), आणि आत बाहेर दोन सेन्सर असलेला कंट्रोलर. बाहेर १८ च्या खाली आणि दवबिंदू १५ च्या आत असेल तरच फॅन चालू, एसी बंद. बाहेरची हवा फार गार असेल तर आतली थोडी गरम हवा तिच्यात मिसळायची सोय पाहिजे, एकदम ९ अंशांचा झोत सर्व्हरवर नको. फिल्टर दोन टप्प्यांचा, आधी जाड धुळीचा जी४ आणि मागे बारीक एफ७, आणि फिल्टर चोंदला की अलार्म. फायर सिस्टिम वाजली की डँपर आपोआप बंद व्हायलाच पाहिजे, नाहीतर विझवायचा गॅस बाहेर निघून जाईल.

पण एक इशारा, आणि हा मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेला नाही, इथे राहून लक्षात आलेला आहे. दिंडोरी, ओझर, पिंपळगाव, निफाड, या पट्ट्यात तुमची इमारत द्राक्षबागेच्या जवळ असेल तर बाहेरची हवा आत घेऊ नका. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरीसाठी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) गंधकाच्या फवारण्या आणि धुरळणी चालू असते, नेमक्या त्याच महिन्यांत जेव्हा हवा गार असते. गंधकाची संयुगं तांबं आणि चांदीला खातात, आणि सर्व्हरच्या बोर्डावर दुसरं काय असतं! धुळीचा फिल्टर वायू अडवत नाही. प्लेटिंग किंवा केमिकल कारखान्याच्या शेजारी असाल तरी तेच.

शंका असेल तिथे हवा बाहेरचीच बाहेर राहील अशी पद्धत निवडा. एअर टू एअर हीट एक्स्चेंजरमध्ये पातळ पत्र्याच्या एका बाजूने खोलीची हवा फिरते, दुसऱ्या बाजूने बाहेरची, मिसळत नाहीत, थोडा फायदा कमी होतो पण जीव शांत राहतो.

आणि कूलर? डेझर्ट कूलर सर्व्हर रूममध्ये लावलेला मी दोन ठिकाणी बघितलाय, कृपा करून लावू नका, आर्द्रता वर जाते आणि पाण्याचे शिंतोडे क्षार घेऊन बोर्डावर बसतात. मात्र इनडायरेक्ट इव्हॅपोरेटिव्ह म्हणजे जिथे पाणी बाहेरच्या हवेला गार करतं आणि ती हवा पत्र्याआडून खोलीची हवा गार करते, ती पद्धत आपल्या उन्हाळ्याला चांगली शोभते. एप्रिलच्या दुपारी ३९ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान, म्हणजे नुसत्या पाण्याने हवा जास्तीत जास्त जिथपर्यंत गार होऊ शकते ते, २२ च्या आसपास येतं, म्हणजे पाण्याच्या जोरावर बरंचसं काम होऊ शकतं. पावसाळ्यात मात्र ती झोपते, एसी लागतोच. बोअरचं पाणी वापरणार असाल तर सॉफ्टनर लावा, नाहीतर एका सीझनमध्ये पॅडवर पांढरा थर चढतो, आणि पाण्याचा हिशोबही मांडा, मे महिन्यात टँकर मागवून सर्व्हर गार करणं मला तरी पटत नाही.

मोठ्या सेटअपसाठी, म्हणजे पन्नास शंभर किलोवॉटच्या पुढे, चिल्ड वॉटर (गार पाणी फिरवून कूलिंग), इन रो युनिट (रॅकच्या रांगेतच बसणारा एसी), रॅकच्या मागच्या दाराला पाण्याची कॉइल हे पर्याय येतात, आणि एआयचे जीपीयू सर्व्हर घेणार असाल, ज्यांचा एकेक डबा १० किलोवॉटच्या घरात जातो, तर थेट चिपपर्यंत पाणी नेण्याबद्दल आधी सल्लागाराशी बोला. नेहमीच्या स्प्लिटवर तसला रॅक उभा करू नका.

एसी बंद पडला तर किती मिनिटं आहेत

हे प्रत्येकाने करून बघायलाच पाहिजे. दहा बाय दहा बाय दहा फुटाच्या खोलीतली हवा मोजून तीस किलोच्या आसपास भरते. ५ किलोवॉट उष्णता नुसत्या त्या हवेत गेली तर दर सहा सेकंदांना एक अंश चढेल. भिंती आणि लोखंड बरीच उष्णता पिऊन घेतात म्हणून प्रत्यक्षात वेळ मिळतो, पण तो मिनिटांतच मोजायचा असतो, तासांत नाही. यूपीएस तासभराचा बॅकअप देतो म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि एसी यूपीएसवर नसतो, म्हणजे बॅटरी संपायच्या आधी सर्व्हर तापून बंद पडतो. डीजी (डिझेल जनरेटर) असेल तर निदान एक एसी डीजीवर पाहिजे. तापमान ३० ला गेलं की मोबाइलवर मेसेज, ३५ ला कमी महत्त्वाचे सर्व्हर आपोआप शटडाउन, अशी स्क्रिप्ट बसवून ठेवा, आणि मेसेज एकाच माणसाला जाऊ देऊ नका, तो लग्नाला गेलेला असतो.

एका रविवारी सकाळी, सगळ्यांना सांगून, बॅकअप घेऊन झाल्यावर, एसी बंद करा आणि घड्याळ लावा. सगळ्यात वरचा इनलेट २४ वरून ३२ ला जायला किती मिनिटं लागली ते लिहा, ३२ झाले की लगेच एसी चालू. मग मेन एमसीबी पाडून परत चढवा आणि तिन्ही एसी स्वतःहून सुरू होतात का बघा. ती मिनिटं, एसी मेकॅनिकचा नंबर, आणि कोणता सर्व्हर आधी बंद करायचा त्याचा क्रम, एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दाराच्या आतून चिकटवा, कारण रात्री तीनला तिथे तुम्ही नसणार, वॉचमनदादा असणार.